तिसऱ्या घंटेआधी : पालखी कधी येते ते देवाला विचारा

गणपतीची चवथ सरली, माटोळी (मूर्तीवर बांधलेली फळाफुलांची चौकट) उतरली, की आमच्या गोव्यात वाड्यावाड्यावर एकच प्रश्न सुरू होतो: औंदूं खंयचें (यंदा कोणतं) नाटक? त्यामुळे या खेपेला पत्रांचा ढीग नेहमीच्या दुप्पट आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा निवडली. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात बघू.

आमच्या वाड्याचं नाट्यमंडळ तीस वर्षांचं आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक करतो. यंदा दिग्दर्शन पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. आमचा नायक बोटीवर नोकरीला असतो. जत्रेच्या तीन आठवडे आधी घरी येतो आणि सरळ मुख्य भूमिकेत उभा राहतो. दोन महिने तालमी करणाऱ्यांना याचा राग येतो. दुसरं म्हणजे मंडळाचे संस्थापक काका. वय ७४. त्यांना मोठी भूमिका हवीच असते, पण आता पाठ होत नाही. मला कोणालाच दुखवायचं नाही. काय करू?
*— एक नवा दिग्दर्शक, म्हार्दोळजवळून*

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आधी खोडा. एक-दोघं दुखावणारच. भाद्रपदात दुखावले तर कार्तिकापर्यंत बरे होतात. जत्रेच्या आदल्या दिवशी दुखावले तर पुढची दहा वर्षं तुम्ही समोरून आलात की रस्ता बदलतात.

बोटीवरच्या मुलाचं सोपं आहे, फक्त त्याच्याशी बोलायची वेळ तुम्ही चुकवता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिन्यांच्या हिशेबाने ठरतं आणि आपली जत्रा तिथीने. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात धरून तो रजा मागतो आणि घोळ तिथेच होतो. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक! तेव्हा नवं पंचांग हातात पडलं की जत्रेची तारीख त्याला त्याच दिवशी कळवा, कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी. घरी पोचल्यावर सांगून काय उपयोग?

आता त्याच्या जागी तालमीत जो उभा राहतो त्याच्याविषयी. हा माणूस कोण, हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. बहुतेक मंडळांत असंच होतं, दोन महिने 'त्याच्या जागी हा' आणि शेवटी 'हा' प्रेक्षकांत. पहिल्या वाचनालाच सगळ्यांसमोर सांगा: अमुक तिथीपर्यंत नायक गावात पोचला नाही तर भूमिका याची. पोचला तर जत्रेचा प्रयोग त्याचा, पण शेजारच्या गावात किंवा स्पर्धेत होणारा दुसरा प्रयोग याचा. आणि शब्द पाळा. हालचाली याच मुलाला घेऊन पक्क्या करा. मोबाइल समोर स्टुलावर ठेवून फक्त नायकाचे प्रवेश चित्रित करा आणि बोटीवर पाठवा. पाठांतर तो तिथे करील. इथे आल्यावर पहिल्याच तालमीला पुस्तक हातात दिसता कामा नये, हेही आधीच सांगा. तालमी करणाऱ्यांचा राग भूमिकेवर कमी असतो. आपल्याला कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही, यावर जास्त असतो.

काकांकडे मात्र घरी जा. बैठकीत नको, फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. वाचनाच्या आधी, संध्याकाळी, बायकोला किंवा आईला बरोबर घेऊन. त्यांना प्रॉम्प्टर करू नका. काहीजणांना ती सोय वाटते, पण विंगेत अंधारात बारीक अक्षर वाचणं ७४ व्या वर्षी जमत नाही, आणि ज्याने तीस वर्षं टाळ्या घेतल्या त्याला दुसऱ्याची वाक्यं पुरवायला बसवणं वाईट दिसतं. सुरुवातीचं निवेदन त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा, आणि एक छोटा प्रवेश द्या. आमच्या मंडळात असे एक काका होते. मी हे सगळं सांगितल्यावर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी देवळाच्या पायरीवर भेटले आणि म्हणाले, "एंट्रीक टाळी पडपाक जाय. वाक्यां दोन आसलीं तरी चलतलीं." ते शेवटपर्यंत काम करत राहिले.

तुम्ही विचारलं नाही, पण पहिल्यांदा दिग्दर्शन करताय म्हणून सांगते. खरी गाठ पालखीशी आहे. पालखी, आरती, तीर्थप्रसाद, मग पावणी (देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव), आणि पावणी संपल्याशिवाय तुमचा पडदा वर जात नाही. एखाद्या नारळावर दोघे इरेला पेटले की गेला अर्धा तास. आमच्या तरुणपणी काही बिघडत नसे, नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालायचं. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सणा-उत्सवासाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. तुमची जत्रा त्या दिवसांत बसते का, परवानगी कोणी आणायची, देवस्थान समितीने की मंडळाने, हे कागदावर घ्या. 'ते बघतात' असं दोघेही म्हणतात आणि शेवटी पोलीस बघतात.

म्हणून संहिता दोन करा. एक पूर्ण. दुसऱ्या प्रतीत जे प्रवेश गाळले तरी गोष्ट तुटत नाही ते तांबड्या पेनाने चौकटीत घाला, आणि ती कापलेली आवृत्ती निदान दोनदा सलग तालमीत करा. पडदा अमुक वाजेपर्यंत वर गेला नाही तर तांबडी प्रत, हे ठरवणारा माणूस एकच असू दे आणि तो रंगमंचावर भूमिका करणारा नसू दे. रंगीत तालीम देवळासमोरच्या रंगमंचावर मिळेल या भ्रमात राहू नका, तो आदल्या संध्याकाळपर्यंत उभाच होत नाही. समितीकडून लांबी-रुंदी विचारून घ्या आणि शाळेच्या मैदानावर चुन्याने आखा. विंगा कुठे, पायऱ्या कुठे, तेही.

जत्रेच्या नाटकाला लेखकाची परवानगी लागते का? आमच्यात दोन मतं आहेत.
*— नाट्यमंडळाचे खजिनदार, पेडणे*

दोन्ही मतं अर्धी-अर्धी खरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात हौशी मंडळांना सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असला, तर तो कॉपीराइटचा भंग धरत नाहीत. तिकीट लावलंत किंवा व्यावसायिक प्रयोग घेतलात की सवलत गेली. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की हक्कच संपतात. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली. त्यांची नाटकं कधीच मोकळी झाली. मात्र त्याच नाटकाची आजच्या कोणी नवी रंगावृत्ती केली असेल तर तिच्यावर त्याचा हक्क असतो, ती उचलू नका.

आणि कायद्याने लागत नसलं तरी लेखक हयात असेल तर पत्र लिहा, जमेल ते मानधन पाठवा, निवेदनात नाव घ्या. तुमचे लाइटवाले, कपडेपटवाले, मंडपवाले सगळे पैसे घेतात. ज्याने शब्द लिहिले त्यालाच फुकट?

माझा स्पर्धेला नाटकं करणारा ग्रुप आहे. कलाकार मिळतात, पण बॅकस्टेजला कोणी टिकत नाही. कॉलेजची मुलं-मुली उत्साहाने येतात, एक प्रयोग करतात आणि गायब होतात. पैसे देण्याची ऐपत नाही. त्यांना कसं धरून ठेवायचं?
*— एक निर्माती, मडगाव*

ताई, धरून ठेवायला ती शेळ्या-मेंढ्या नाहीत. गेल्या प्रयोगात त्या मुलांना कोणकोणती कामं सांगितली ते आठवून बघा. झाडू मार, खुर्च्या लाव, चहा आण, सरांची बॅग गाडीत ठेव. मग का यावं त्यांनी? एवढं घरी आई सांगतेच.

मी पस्तीस वर्षं पडद्यामागे काढली, त्यातली पहिली दोन झाडूतच गेली. मी टिकले ते एका टेबलामुळे. फोंड्यातल्या एका जुन्या व्यवस्थापकाने मला प्रॉपर्टीचं टेबल दिलं आणि म्हणाले, "हें तुजें. दिग्दर्शकानूय हात लावंक फावना." मी टेबलावर पांढरा कार्डशीट चिकटवला, त्यावर प्रत्येक वस्तू ठेवून पेनाने तिची कड आखली. तांब्या, पत्र, चष्मा, कंदील. प्रत्येक आकृतीखाली वस्तूचं नाव, अंक, प्रवेश आणि ती कोण नेणार. अंधारात सुद्धा एक नजर टाकली की कळतं. आकृती रिकामी दिसली तर वस्तू रंगमंचावर आहे, नाहीतर हरवली आहे. प्रवेश संपल्यावर वस्तू आपल्या कडांच्या आत परत आलीच पाहिजे. नायक चष्मा खिशात घालून फिरायला लागला की मी त्याच्या पाठी विंगेत धावायची. वय एकोणीस, पण टेबल माझं होतं ना! तुमच्या मुलांना अशी एकेक गोष्ट पूर्ण द्या. एकीला प्रॉपर्टी, एकाला कपडेपट, एकीला ध्वनी. आणि मग त्यांच्या डोक्यावर उभं राहू नका. पहिल्या प्रयोगाला तांब्या विसरतील. विसरू दे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते, हसाल. १९९६ च्या माघातली जत्रा. ऐतिहासिक नाटक. देवळापाशी रंगपटाला जागा नव्हती, म्हणून तिसऱ्या अंकाच्या कपड्यांची ट्रंक टेम्पोतच ठेवली होती. टेम्पोवाल्याला मी सांगितलं, "नाटक संपलं की निघू." तो हो म्हणाला. त्याच्या हिशेबात नाटक एकला संपणार होतं आणि दोन वाजता त्याला दुसऱ्या गावातून खाजेवाल्यांचा (जत्रेत खाजं ही मिठाई विकणाऱ्यांचा) माल उचलायचा होता. पालखी उशिरा आली, पावणी लांबली, एकला आमचा दुसरा अंक चालू. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला, मी ट्रंक आणायला गेले, तर ज्या आंब्याखाली टेम्पो होता तिथे नुसत्या चाकांच्या खुणा. राजाचा अंगरखा, जिरेटोप, शेला, सगळं खाजेवाल्यांच्या गावाला. शेवटी देवस्थानच्या अध्यक्षांच्या खांद्यावरची शाल मागून आणली आणि राजा तीच पांघरून दरबारात बसला. प्रेक्षकांच्या लक्षात आलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. आलं. पुढची दोन वर्षं बाजारात मासळीवाल्या विचारायच्या, "राजाली शाल परत दिली मगे बाय?"

टेम्पोवाल्याची चूक नव्हती. 'नाटक संपलं की' ही वेळ आपल्याला कळते, त्याला नाही. त्याला वाजले किती ते हवं असतं. तुमच्या मुलांनाही तेच हवंय. तालीम कितीला सुटणार, रात्री घरी कोण सोडणार. आपल्याकडे रात्री आठनंतर बस मिळणं म्हणजे नशीब, आणि ज्या मुलीच्या वडिलांना अकरा वाजता स्कूटर काढून मडगावात यावं लागतं तिचा तुमच्याकडे तो शेवटचाच प्रयोग. गाडीची सोय करा. पैसे द्यायची ऐपत नाही म्हणता, पेट्रोलचे तरी द्या.

जाता जाता: लाइट आणि ध्वनीची माणसं नोव्हेंबर-डिसेंबरसाठी आत्ताच धरा. २००४ पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत आला, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव सुरू झाला, शिवाय लग्नं. हातात कसब असलेला प्रत्येक वायरमन तेव्हा कुठे ना कुठे अडकलेला असतो.

तालमीची वेळ ग्रुपवर टाकते, कोणी वाचत नाही. मग 'मला माहीतच नव्हतं'.
*— वैतागलेली, म्हापसा*

दुसरा ग्रुप काढा, ज्यात फक्त तुम्हीच लिहू शकता. रोज एकच निरोप. सुप्रभात आणि वाढदिवस जुन्या ग्रुपवर सुखाने नांदोत. आणि ज्यांच्यावाचून तालीम अडते त्या तिघांना फोन करा.

मी पर्वरीत राहणारी ग्राफिक डिझायनर आहे. एकटीच काम करते. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या कार्यक्रमाचे फलक, पत्रकं, दिशादर्शक पाट्या केल्या. काम मधल्या एका एजन्सीकडून आलं होतं. सगळं फोनवर ठरलं. अकरा वेळा बदल करून घेतले. सात महिने झाले, पैसे नाहीत. आता तीच एजन्सी यंदाचं काम देतेय. घेऊ का?
*— पर्वरी*

बाय, जुने पैसे हातात पडेपर्यंत नवं काम घेऊ नकोस. 'दोन्ही बिलं एकदम काढतो' असं म्हणतील. म्हणू दे.

तू एकटी असलीस तरी कायद्याच्या नजरेत व्यवसाय आहेस. उद्यम नोंदणी कर. आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. तक्रार घ्यायला राज्यात परिषद असते, अर्ज ऑनलाइन जातो. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, हे लक्षात ठेव. म्हणजे जुन्या बिलाला हिचा आधार घेता येईल असं धरून चालू नकोस. त्यासाठी फोनवर झालेलं सगळं तारीखवार एका ईमेलमध्ये लिही, पाठवलेल्या फायली आणि अकरा बदलांचे निरोप जोड, आणि किती रक्कम येणं आहे ते स्पष्ट माग. त्या ईमेलला काही उत्तर आलंच, तर तोच तुझा पहिला कागद.

नवं काम कोणाचंही असो, एक पान लिहून घ्यायचं. नग किती, बदलाच्या फेऱ्या किती (मी तीन म्हणेन, चौथीपासून पैसे), छपाईला फाईल कधी, पैसे कधी. काम सुरू करण्याआधी तिसरा हिस्सा, आराखडा पसंत झाल्यावर तिसरा, छपाईच्या फायली देण्याआधी उरलेला. हो, देण्याआधी. फायली गेल्या की तुझ्या हातात काय राहिलं? बिलातून दहा टक्के टीडीएस कापला तर तो बुडाला असं समजू नकोस, विवरणपत्रात परत धरता येतो, पण आधी पॅन दे आणि त्यांनी तो खरंच भरला का ते आयकराच्या साइटवर बघ.

अजून एक. 'सगळे हक्क आमचे' असं तोंडी सांगतील. हक्क देणं लेखीच असावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. तू काढलेलं चित्र पुढल्या वर्षी टी-शर्टवर दिसायला नको असेल तर ते याच पानावर लिही.

आणि अकरा बदल कोणी सांगितले? माझी खात्री आहे, किमान चार वेगवेगळ्या माणसांनी. पानावर एक नाव घाल, ज्याची पसंती म्हणजे शेवटची पसंती. बाकीच्यांनी त्याला सांगावं, तुला नाही.

आमच्या क्लबचा शिगम्याच्या मिरवणुकीत चित्ररथ असतो. चाळीस मुलं, तीन पुढारी, प्रत्येकजण शेवटपर्यंत आराखडा बदलतो. गेल्या वर्षी राक्षसाचं डोकं विजेच्या तारेखाली अडकलं आणि भर मिरवणुकीत करवतीने कापावं लागलं. भांडणं अजून चालू आहेत.
*— डिचोली तालुका*

राक्षसाला भर रस्त्यात मारलात, हे शास्त्राला धरूनच झालं. पण वायर जिवंत असते हो, हसण्यावारी नेऊ नका.

तीन पुढारी राहू देत, पण कामं वाटा. एकाकडे रथ, एकाकडे माणसं, एकाकडे पैसे. रथाच्या आराखड्यावर शेवटचा शब्द रथवाल्याचा. मिरवणुकीच्या दहा दिवस आधी आराखडा कागदावर काढून त्यावर तिघांच्या सह्या, आणि त्यानंतर कोणाला स्वप्नात देव आला तरी बदल नाही. थर्माकोल कापून रंग वाळायला वेळ लागतोच. पैसेवाल्याने वही क्लबच्या भिंतीला टांगून ठेवावी, कोणीही उघडून बघावी. बक्षिसाची रक्कम आली तर तिचं काय करायचं हे बक्षीस मिळण्याआधी ठरवा. नंतर ठरवलेलं आजवर मी कोणाला पटलेलं पाहिलं नाही.

माणसंवाल्याचं काम सगळ्यांत अवघड आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. लहान मुलं तीन वाजता रंगून तयार होतात आणि तुमचा नंबर येतो रात्री नऊला. सहा तास चेहऱ्यावर रंग, अंगावर जरी, पाणी नाही, लघवीला जायचं कुठे माहीत नाही. रंगभूषा निम्मी गावात आणि निम्मी रांगेत उभं राहिल्यावर करा. रथाबरोबर दोन आया चालू देत, ज्यांच्याकडे पाणी, बिस्किटं आणि सेफ्टी पिना. जनरेटरचा धूर मागच्या रोमटामेळावर (ढोल-ताशांच्या नाचत्या पथकावर) जात नाही ना, ते रिकाम्या रथावर जनरेटर चालू करून मागे स्वतः उभं राहून बघा. ढोल वाजवणारा पोरगा तो धूर दोन तास गिळत असतो.

आणि डोक्याचं. मिरवणुकीच्या आठवडाभर आधी रात्री, रहदारी कमी झाल्यावर, ज्या ट्रॉलीवर रथ चढणार तीच घ्या. राक्षस जमिनीपासून जेवढा उंच होणार त्याच्यापेक्षा दोन हात लांब वाळका बांबू घ्या, टोकाला तांबडं फडकं बांधा, ट्रॉलीवर उभा धरा आणि मिरवणुकीचा सगळा रस्ता सावकाश फिरा. पुढे मोटरसायकलवर एकाने टॉर्च घेऊन तारांवर नजर ठेवायची. बांबू विजेच्या तारेच्या जवळ येतोय असं दिसलं की तारेला लागण्याआधी गाडी थांबवायची, बांबू आडवा करायचा, जागा वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी वीज खात्याला कळवायचं. केबलवाल्यांच्या तारा आणि फांद्या वेगळ्या लिहा. तारेखालून रथ नेताना ती बांबूने वर उचलायची खोड कोणाला असेल तर त्याला त्या दिवशी घरी ठेवा.

या फेरीला बांबू धरायला ज्याने राक्षसाचं डोकं बनवलंय त्यालाच उभं करा.